ग्राइंडर बाजूला, सनमायका कटर हातात

सर्किटमध्ये एखादा रेझिस्टर चुकीचा छापला गेला, की वाचकांची पत्रे लगेच येतात. बोर्ड कापण्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. फेरिक क्लोराइडला आपण जपतो, कारण त्याचे डाग घरातल्यांना दिसतात. ग्लास इपॉक्सीच्या धुळीबद्दल तेवढी सावधगिरी कुठे दिसत नाही.

ग्लास इपॉक्सी, म्हणजेच एफआर-४, ही इपॉक्सीत घट्ट बसवलेली काचेच्या धाग्यांची विणलेली कापडे. छोट्या ग्राइंडरला डायमंड डिस्क लावली की ती झरझर कापली जाते, हे खरे. पण त्या वेगात काचेचे आणि रेझिनचे पीठ होते. कातडीला खाज आणि घशाला खवखव तर होतेच, शिवाय त्यातला अगदी बारीक अंश श्वासावाटे खोल आत जातो. तोंडाला बांधलेला रुमाल तिथे कुचकामी. एन-९५ मास्कच हवा. फ्लॅटच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी हा उद्योग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरळ कापासाठी सनमायका कटर पुरतो. तो नसेल, तर तुटक्या हॅक्सॉ ब्लेडचे टोक घासून आकड्यासारखे करा. गुण्या लावून दोन्ही बाजूंना समोरासमोर रेघ आखा आणि स्टीलची पट्टी दाबून धरा. पहिला हात हलका, फक्त तांबे चिरण्यापुरता. कटरला वाट सापडली की मग जोर. नेहमीच्या १.६ मिमी जाडीच्या बोर्डावर दोन्ही बाजूंनी साधारण एक तृतीयांश खोल चर पडला, की बोर्ड दोन लोखंडी अँगलमध्ये रेघेपर्यंत व्हाइसमध्ये आवळा आणि वाकवा. कारखान्यांत पॅनेलवर जो व्ही आकाराचा चर पाडतात, त्याच्याही मध्ये साधारण एक तृतीयांश जाडीच शिल्लक ठेवतात. अगदी अरुंद पट्टी अशी नीट तुटत नाही. तिच्यासाठी इंचाला ३२ दात असलेले हॅक्सॉ ब्लेड. काच त्याची धार लवकर खाते, म्हणून ते ब्लेड वेगळेच ठेवलेले बरे. खाली पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपा. झाडूने तो पुन्हा उडतो.

पत्रा कापायची कात्री नकोच. ग्लास इपॉक्सीचा काठ तिने पांढरा पडतो, म्हणजे आतले थर सुटलेले असतात. फिनॉलिकच्या तर कडेच्या कपच्याच उडतात.

टोनर ट्रान्सफर करणाऱ्यांनी काठाकडे विशेष पाहावे. तिथे तांब्याची बारीकशी बर राहिली तरी कागद उचलला जातो, इस्त्रीचा दाब तेवढ्या भागात पोचत नाही आणि कडेचे ट्रॅक तुटक उमटतात. दोष मात्र टोनरला मिळतो. कानस तांब्याकडून बोर्डाकडे चालवावी. उलटी चालवली तर तांबे उचकटते.

चर पाडून तोडण्याची मर्यादा एकच: काप या काठापासून त्या काठापर्यंत सरळच जातो. म्हणून पुढच्या अंकापासून प्रत्येक पीसीबी आराखड्याभोवती कापण्याची रेघ छापली जाईल. घरी करण्याच्या प्रकल्पांसाठी एल आकाराचे किंवा खाचा असलेले बोर्ड आम्ही स्वीकारणार नाही. ट्रान्सफॉर्मरला जागा करायची असेल, तर लेखकांनी तो बोर्डाबाहेर, कॅबिनेटच्या तळाशी बसवावा.