आम्ही येथले नव्हेच!

दिवाळी जवळ आली की आमच्या इमारतीच्या आवारात मुलांची माती कालवण्याची घाई उडते. गेल्या वर्षी तीन किल्ले झाले. एक रायगड, एक प्रतापगड आणि निळीच्या पाण्यात उभा केलेला सिंधुदुर्ग. हळीव पेरलेले, मावळे मांडलेले, पणत्या लावलेल्या. बालवर्गाची बाई म्हणून मला परीक्षक नेमले होते. मी गुण दिले, कौतुक केले आणि सहज गच्चीपलीकडे बोट दाखवून विचारले, "अरे, तो समोरचा गड का नाही केलात?"

मुले तिकडे पाहू लागली. "बाई, तो किल्ला आहे?"

मलंगगड! अंबरनाथच्या कोणत्याही गच्चीवरून दिसणारा, पावसाळ्यात ढगांत बुडणारा आणि आश्विनात पुन्हा धुऊन पुसून उभा राहणारा तो डोंगर या मुलांनी जन्मल्यापासून पाहिला आहे. पण तो गड आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. १७८० साली, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, इंग्रजांची पलटण त्या गडावर चालून गेली होती. खालचा भाग तिच्या हाती लागला; पण शिबंदी वरच्या किल्ल्यात गेली आणि तेथून लढत राहिली. ही गोष्ट मी मुलांना सांगू लागले, तोच एका मुलाचे वडील हसून म्हणाले, "बाई, कशाला हो? आम्ही येथले नव्हेच. आमचा किल्ला म्हणजे अजिंक्यतारा!"

वाचकहो, माझे भांडण त्या गृहस्थांशी नाही. गृहस्थ सज्जन आहेत. माझ्या घरी चकलीचा डबा पाठवतात. माझे भांडण त्या वाक्याशी आहे. "आम्ही येथले नव्हेच" हे वाक्य अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तिन्ही गावांत मी इतक्यांदा ऐकले आहे की, नगरपालिकेच्या वेशीवर तेच कोरून ठेवावे असे वाटते. सातारचा म्हणतो, रत्नागिरीचा म्हणतो, गिरगावातली चाळ सोडून आलेला तर अधिकच ठसक्याने म्हणतो. २००१ साली बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती. २०११ च्या शिरगणतीत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. अंबरनाथ तर अडीच लाखांवर होते. एवढी माणसे आली. पण विचारू गेले तर येथला कोणीच नाही! मग या गावात राहते तरी कोण?

मी दुसऱ्यांना बोलते आणि स्वतः सुटते, असे कोणी म्हणू नये. म्हणून माझाच गुन्हा आधी सांगते. दादरची एक खोली विकून आम्ही अंबरनाथला आलो. विकणाऱ्याच्या जाहिरातीत "ऐतिहासिक नगरीत आपले घर" असे छापले होते आणि इमारतीला नाव दिले होते विलायती टेकडीचे. तीन वर्षे मी येथे राहिले. स्टेशन, भाजीबाजार, शाळा आणि दवाखाना, एवढेच माझे अंबरनाथ. चौथ्या वर्षी सुटीत पैसे जमवून आम्ही दक्षिणेची यात्रा केली. हळेबीडच्या देवळापाशी मी तोंडात बोट घालून उभी राहिले. जोत्यावर हत्तींची ओळच्या ओळ, वर यक्ष-किन्नर, देवदेवता. आमच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारले, "आपण कोठल्या?" मी म्हणाले, "मुंबईच्या." आमचे हे प्रामाणिकपणे म्हणाले, "अंबरनाथच्या." त्यावर आजोबा उजळलेच. "वा! मग हत्ती तुम्हांला नवे नाहीत. तुमच्या शिवमंदिराच्या जोत्यालाही आहेत की!"

मी नुसती मान हलवली. ते देऊळ माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर होते आणि मी ते पाहिलेले नव्हते. शेकडो कोस आगगाडी करून, तिकीट काढून, मी जे पाहायला गेले होते, त्याच जातीचे वैभव मी भाजीच्या पिशवीसकट रोज ओलांडून जात होते. त्या लाजेतून हा लेख निघाला आहे.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी गेले. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. काळ्या दगडाचा तो कोरीव संभार पाहून मंडपात शिरावे आणि पुढे वर चढण्याऐवजी पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागावे, हा अनुभव मला नवा होता. खाली पिंड आणि वर पाहावे तर शिखराच्या जागी उघडे आकाश! उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर एक शिलालेख आहे. त्यात शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६० आणि शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव आहे. काम आरंभिले त्याचा भाऊ छित्तराज याने. म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माआधी जवळजवळ पावणेसहाशे वर्षे या ओढ्याकाठी छिन्नी वाजत होती.

आणि आम्ही मुलांना काय सांगतो? "पांडवांनी एका रात्रीत बांधले. कोंबडा आरवला, म्हणून शिखर राहिले." गोष्ट म्हणून ती गोड आहे, मीही लहान मुलांना रंगवून सांगीन. पण मोठ्या माणसांनी तेवढ्यावर थांबावे यात एक सोय आहे, ती मला खटकते. एका रात्रीत झालेल्या वस्तूत कोणाचा घाम नसतो. पाथरवटाचे ऋण नाही, राजाचे नाव नाही, खर्च नाही, कष्ट नाहीत. जे फुकट झाले त्याची निगा राखावी असे कोणाला वाटणार?

आता विद्वान मंडळी म्हणतील, "मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या कादंबरीवाल्या बाईने शिलालेखात नाक कशाला खुपसावे?" त्यांना त्या शिलालेखाचीच हकीकत ऐकवते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा शक ७८२ असा आकडा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी पुन्हा निरखून पाहिले आणि तो ९८२ आहे असे दाखविले. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षे अलीकडे आले! यांतले भाऊ दाजी पेशाने डॉक्टर आणि भगवानलाल काही विद्यापीठाची पदवी घेऊन आलेले नव्हते. पण एका अंकासाठी त्यांनी डोळे फोडले. आणि आम्हांला तर नुसते डोळे उघडायचे आहेत.

"पण बाई, वेळ कोठे आहे?" हा पहिला आक्षेप. तो मी हसण्यावारी नेत नाही. पहाटेच्या लोकलला लोंबकळत जाणारा माणूस रात्री घरी येतो तेव्हा त्याला जेवण आणि अंथरूण यांपलीकडे काही सुचत नाही, हे मी घरातच पाहते. त्याच्याकडे रोजचा वेळ मी मागतच नाही. वर्षाचे बावन्न रविवार असतात. त्यांतला एक मागते. मॉलमध्ये, हॉटेलात, कोणाच्या तरी बारशाला जे रविवार जातात त्यांतलाच एक.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. "आमचे मूळ गाव दुसरे. आमचा देव तिकडे, आमची जमीन तिकडे." त्याला उत्तर शिलाहारांनीच देऊन ठेवले आहे. उत्तर कोकणचे हे राजे पिढ्यान् पिढ्या कोकणात नांदले. पण आपल्या बिरुदावलीत ते स्वतःला तगरपुराचे स्वामी म्हणवीत राहिले. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर! म्हणजे तेही "आमचे मूळ गाव तिकडे" असेच म्हणत होते. पण ते म्हणता म्हणता त्यांनी येथे हे देऊळ उभे केले. आणि त्या देवळाची घडण कोणती? भूमिज. ती पद्धत भरभराटीला आली माळव्याकडे. राजाचे मूळ तेरला, शिल्पाची तऱ्हा माळव्याची आणि दगड उभा राहिला अंबरनाथला. ज्याला आपण येथला वारसा म्हणतो, तोही असा बाहेरून येऊनच येथला झाला आहे. मूळ गाव विसरा असे मी कोणालाच सांगत नाही. कुलदैवताला जरूर जा, अजिंक्यताऱ्याचा अभिमान जरूर धरा. पण ज्या गावाचे पाणी पिता, त्या गावाची ओळख नाकारण्यासाठी त्या अभिमानाची ढाल करू नका.

येथे उल्हासनगरचा विषय निघतोच आणि तो काढताना आपणा मराठी माणसांनी जरा खाली मान घालावी. उल्हासनगरी मालाला "मेड इन यूएसए" म्हणून हिणवण्याचा विनोद आपण पिढ्यान् पिढ्या चघळत आलो. पण ते गाव कसे वसले हे त्या हसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? महायुद्धाच्या काळातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले, सुमारे एक लाख माणसे. घर गेले, शेत गेले, नदी गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तेथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतात. सिंधू नदी गमावलेल्या लोकांनी उल्हास नदीचे नाव घेतले, यात काय कमी इतिहास आहे? त्यांना तर परत जायला मूळ गावही उरले नव्हते. "आम्ही येथले नव्हेच" असे म्हणण्याचा खरा हक्क कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी तो बजावला नाही; दुकान मांडले, शाळा काढल्या, गाव उभे केले. वारसा म्हणजे केवळ हजार वर्षांचा दगड नव्हे. त्या बराकींतली जी एखादी भिंत अजून उभी असेल, ती पाडण्याआधी तिचा एक फोटो तरी कोणी काढील काय?

बदलापूरकरांची कथाही तशीच. महाराजांचे घोडे येथे बदलत, म्हणून बदलापूर, असे सांगतात. सांगोत बापडे. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्या गावाच्या नावात घोड्यांनासुद्धा विसावा आहे, त्या गावाला आपण नुसते झोपण्याचे ठिकाण करून टाकले. येथून १८५६ पासून आगगाडी धावते. या मार्गाचा इतिहास लिहायचा तर एक दिवाळी अंक पुरणार नाही. पण आम्हांला गाडीचे फक्त वेळापत्रक पाठ.

हे सारे कशासाठी? इतिहासाचे गुण मिळावेत म्हणून? नव्हे. देवळाच्या कुशीतून वालधुनी वाहते. एके काळी तिला नदी म्हणत. आज तिचा रंग रोज वेगळा आणि वास मात्र तोच. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात याच वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि त्या वायूने कित्येक माणसांना इस्पितळात न्यावे लागले. घाण टाकणारा कोणीही असो. त्याला धैर्य येते ते आपल्या त्या एका वाक्यामुळे. जेथे कोणीच येथला नाही, तेथे विचारणारही कोणी नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. साताऱ्याच्या कृष्णेत कोणी असे ओतले असते तर माझे शेजारी रात्रीत गाडी करून गेले असते. येथे ते नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतात. मीही तेच करीत होते.

गेल्या महाशिवरात्रीच्या जत्रेनंतर, गर्दी ओसरल्यावर, मी बालवर्गाची सतरा मुले देवळात नेली. शिल्पशास्त्र त्यांना काय कळणार? मी एवढेच म्हटले, "हत्ती मोजा." मोजता मोजता ती देवळाला प्रदक्षिणा घालून आली. कोणाचे पस्तीस झाले, कोणाचे शंभर. भांडणे झाली, पुन्हा मोजणी झाली. एक पोरगी नदीकडे पाहून म्हणाली, "बाई, हत्ती पाणी कुठे पितात?" मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मी घरी आणला आणि आता तुमच्यापुढे ठेवते आहे. तिच्या वडिलांना, नगरपालिकेला आणि कारखानदारांनाही तो विचारला पाहिजे. पण विचारण्याआधी विचारणाऱ्याने आपण येथले आहोत हे कबूल करावे लागेल.

यंदा आमच्या आवारात चार किल्ले होणार आहेत. रायगड आहे, प्रतापगड आहे, अजिंक्यताराही आहे. तो गृहस्थांच्या मुलाने हट्टाने मागून घेतला आणि मला त्यात आनंदच आहे. चौथा मलंगगड. त्याच्यासाठी माती कमी पडते आहे आणि पायथ्याशी देऊळ करायचे की नाही यावर अजून वाद चालू आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या लागतील तेव्हा ज्यांना वेळ असेल त्यांनी जरूर पाहायला यावे. मुंबईच्या पाहुण्यांनीही यावे. पत्ता विचारलात तर आम्ही अंबरनाथ असे सांगू.