'भिडू' हा शब्द नेमका कोणाचा? जॅकी श्रॉफ कोर्टात गेला त्याची गोष्ट

"एक भिडू कमी पडतोय रे, वरच्या मजल्यावरून कुणाला तरी बोलव."

लगोरी असो, गल्लीतलं क्रिकेट असो नाहीतर सुट्टीत रंगलेला मेंढीकोटचा डाव, हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. मेंढीकोटला समोरासमोर बसतात ते भिडू. कबड्डीत आपल्या बाजूचा तो आपला भिडू. मराठी पोराला हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही.

तर हाच भिडू मे २०२४ मध्ये थेट दिल्ली हायकोर्टात पोचला. घेऊन गेला जॅकी श्रॉफ. त्याचं म्हणणं असं की माझं नाव, माझा फोटो, माझा आवाज, 'जॅकी', 'जग्गूदादा' आणि 'भिडू' ही माझी ओळख आहे आणि मला न विचारता लोक त्यावर धंदा करतायत.

बातमी फुटली आणि मोबाईलवर एकच धुरळा. आता मित्राला भिडू म्हटलं तर नोटीस येणार का? उद्या 'अबे' वरही कुणी हक्क सांगेल, नागपूरकरांनी काय करायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, नोटीस येणार नाही. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखंही नाही, कारण त्यात तुमच्या-आमच्या कामाच्या बऱ्याच गोष्टी दडल्यात.

तीन बत्तीचा जग्गू

हा माणूस एका शब्दासाठी कोर्टात का गेला, हे समजायला जरा मागे जावं लागतं.

जयकिशन काकुभाई श्रॉफ. जन्म १ फेब्रुवारी १९५७. मुंबईत मलबार हिलच्या पायथ्याशी वाळकेश्वरला तीन बत्ती नावाचा नाका आहे. वर बंगले, राज्यपालांचं निवासस्थान, समुद्र बघणाऱ्या गॅलऱ्या. आणि तीन बत्तीला चाळी. त्यातल्याच एका चाळीत श्रॉफ कुटुंब राहायचं. वडील गुजराती, ज्योतिष सांगायचे. आई रीटा, तिचं मूळ कझाकस्तानकडच्या तुर्की घराण्यातलं. घरात पैसा नव्हता.

जॅकी स्वतः अनेक मुलाखतींत सांगतो की वस्तीतला खरा 'दादा' त्याचा मोठा भाऊ होता, लोकांच्या अडीअडचणीला धावणारा. हा भाऊ पाण्यात बुडणाऱ्या एकाला वाचवायला गेला आणि स्वतःच बुडाला. धाकटा जयकिशन तेव्हा दहाएक वर्षांचा होता. भावाची जागा आपण घ्यायची, हे त्या वयात त्याच्या डोक्यात बसलं आणि तिथून 'जग्गूदादा' झाला. म्हणजे हे नाव कुठल्या पीआरवाल्यानं ठेवलेलं नाही. ते नाक्यावरचं नाव आहे.

पुढे शिक्षण सुटलं. मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी व्हायचा प्रयत्न केला, विमान कंपनीत नोकरी मिळते का पाहिलं, दोन्हीकडे नकार. मग एका ट्रॅव्हल एजन्सीत काम. आणि एके दिवशी बसस्टॉपवर उभा असताना एका माणसानं विचारलं, मॉडेलिंग करणार का? उंच, दाढी-मिशा राखलेला, हा असा चेहरा तेव्हाच्या जाहिरातींत नव्हता. सिगारेटच्या जाहिराती आल्या. १९८२ मध्ये देव आनंदच्या 'स्वामी दादा'त छोटं काम मिळालं.

आणि मग सुभाष घईंचा 'हीरो', साल १९८३. जॅकी हे नाव शाळेतल्या मित्रानं पाडलेलं, घईंनी तेच पडद्यावर घेतलं. सिनेमातल्या नायकाचं नावही जॅकीच. पिक्चर तुफान चालला. गंमत म्हणजे स्टार झाल्यावरही जॅकी बराच काळ त्याच चाळीत राहत होता. निर्माते भेटायला यायचे तेव्हा हा सार्वजनिक संडासाच्या रांगेत असायचा, हा किस्सा त्यानं स्वतः कितीतरी वेळा सांगितलाय.

त्यानंतरची कारकीर्द बहुतेकांना माहीत आहे. 'कर्मा', 'राम लखन', 'त्रिदेव', 'खलनायक', 'बॉर्डर', 'देवदास'. 'परिंदा'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं फिल्मफेअर. विधू विनोद चोप्राच्या त्या सिनेमात नाना पाटेकरचा अण्णा सगळा भाव खाऊन जातो हे खरं, पण जॅकीचा किशन नसता तर अण्णाची दहशत कुणावर चालली असती? फार कमी बोलणारं, आतल्या आत जळणारं ते काम आहे. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं. '१९४२ अ लव्ह स्टोरी' आणि 'रंगीला'साठी सहायक अभिनेत्याचे पुरस्कार मिळाले. 'रंगीला'त तर उलटच गंमत. टपोरी भाषा सगळी आमिर खानच्या वाट्याला आणि खरा तीन बत्तीचा पोरगा इस्त्रीच्या कपड्यांत सुपरस्टार बनून मोजकं बोलतोय.

मग आला २००३ चा 'बूम'. पत्नी आयेशा निर्माती होती. सिनेमा सपाटून पडला, कर्ज अंगावर आलं, राहतं घर विकावं लागलं. त्यानं देणी फेडली, पण नायक म्हणून काळ संपला होता.

आणि इथे एक वेगळीच गोष्ट घडली. सिनेमातला जॅकी मागे पडला आणि मोबाईलमधला जॅकी मोठा झाला. पोलिओच्या जाहिरातीचं शूटिंग चालू असताना ओळी चुकल्यावर त्यानं घातलेल्या शिव्यांचा व्हिडिओ पोरांनी पाठ केला. मुलाखतीतली त्याची सरळसोट उत्तरं कापून, त्यावर काळा चष्मा आणि संगीत चढवून 'ठग लाइफ' व्हिडिओ निघाले. गळ्यात रोपटं अडकवून कार्यक्रमाला येणारा, पत्रकाराला भिडू म्हणणारा हा माणूस नव्या पिढीला 'हीरो'मुळे नाही, रील्समुळे माहीत झाला.

म्हणजे त्याच्याकडे विकण्यासारखं काय उरलं? त्याची बोलायची ढब. जाहिरातदार आज त्याला घेतात ते या बोलण्यासाठी. हे लक्षात घेतलं की कोर्टकचेरी वेडेपणाची वाटत नाही.

कोर्टानं नेमकं काय सांगितलं?

दावा बऱ्याच जणांविरुद्ध होता. त्याच्या फोटोचे टी-शर्ट, पोस्टर, वॉलपेपर विकणाऱ्या वेबसाइट होत्या. त्याच्या नावानं, त्याच्यासारखं बोलणारा एआय चॅटबॉट चालवणारे होते. अश्लील मजकुराला त्याचं नाव चिकटवणारेही होते.

न्यायमूर्ती संजीव नरुला यांनी अंतरिम आदेश दिला. माल विकणाऱ्या साइट आणि चॅटबॉटवाले यांना मनाई, सरकारी खात्यांना संबंधित लिंक बंद करायच्या सूचना. इथपर्यंत फारसं कुणाचं दुमत असायचं कारण नाही.

पण दोन जणांच्या बाबतीत कोर्टानं हात आखडता घेतला, आणि बातम्यांत नेमका हाच भाग हरवला.

एक होता यूट्यूबर. त्यानं जॅकीच्या मुलाखतीचे तुकडे घेऊन 'ठग लाइफ' छापाचा व्हिडिओ केला होता. जॅकीच्या वकिलांचं म्हणणं होतं की तो काढा. कोर्टानं त्याची बाजू न ऐकता मनाई करायला नकार दिला. असे विनोदी व्हिडिओ हा तरुणांच्या अभिव्यक्तीचा प्रकार आहे, कित्येकांचं पोट त्यावर चालतं, सरसकट बंदी घातली तर चुकीचा पायंडा पडेल, असा विचार कोर्टानं मांडला.

दुसरा होता नावात 'भिडू' असलेला शोरमावाला. त्यालाही तडकाफडकी पाटी उतरवायला सांगितलं नाही. नोटीस काढली, म्हणजे येऊन बाजू मांड.

आता 'भिडू'च्या हक्काचा आधार काय? जॅकीनं या शब्दाचा आणि 'भिडू का खोपचा' या नावाचा ट्रेडमार्क नोंदवलेला आहे. ट्रेडमार्क म्हणजे शब्दाची मालकी नाही. मालाचे आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग असतात, त्यातल्या ज्या वर्गात नोंदणी केली त्या प्रकारच्या मालावर तो शब्द छाप म्हणून वापरायचा हक्क तुम्हाला मिळतो. सफरचंदाला इंग्रजीत जे म्हणतात ते नाव एका फोन कंपनीनं घेतलं, म्हणून मार्केट यार्डातल्या फळवाल्यांनी सफरचंद विकायचं थांबवलं नाही. तसंच हे.

झकास आणि भिडू

यात एक भारी योगायोग आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे जॅकीच्या आठ महिने आधी, अनिल कपूरही याच हायकोर्टात गेला होता. न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी त्याचं नाव, आवाज, चेहरा आणि 'झकास' म्हणायची त्याची लकब यांच्या व्यापारी वापराला मनाई केली. पुढच्या वर्षी 'टाइम' मासिकानं एआय क्षेत्रातल्या शंभर प्रभावी लोकांच्या यादीत अनिल कपूरचं नाव घातलं, ते या खटल्यामुळेच.

'राम लखन'मधले दोघे भाऊ, 'परिंदा'तलेही दोघे भाऊ, आणि दोघांनी कोर्टात नेलेले दोन्ही शब्द मराठी बोलीतले. झकास काय, भिडू काय, मुंबईच्या चाळीचाळींतून, गिरणगावातून हे शब्द बंबइया हिंदीत गेले आणि तिथून पडद्यावर. अनिल कपूरनं झकास जन्माला घातला नाही, जॅकीनं भिडू. त्यांनी ते शब्द देशभर नेले, हे मात्र मान्य करायलाच हवं. लखनौच्या पोराला भिडू कळतो तो मेंढीकोटमुळे नाही.

मग शब्दावर हक्क कुणाचा? कायद्याचं उत्तर असं की शब्दावर कुणाचाच नाही. तो शब्द वापरून 'हा जॅकीचा माल आहे' असा भास निर्माण करणं, एवढ्यालाच हरकत घेता येते. पण तो भास कुठे सुरू होतो? पुण्यातल्या वडापाववाल्यानं गाडीवर 'भिडू' लिहिलं तर तो जॅकीला वापरतोय की स्वतःच्या मातृभाषेला? मला विचाराल तर मराठी माणसाच्या पाटीवर हा शब्द दिसला म्हणून जॅकी आठवायचं काही कारण नाही. खाली जॅकीचं चित्र काढलं असेल तर गोष्ट वेगळी.

कायदा आहे तरी कुठे?

खरी अडचण ही आहे की भारतात 'पर्सनॅलिटी राइट्स' नावाचा वेगळा कायदाच नाही. कोर्टांनी तो तुकड्यातुकड्यानं उभा केलाय. सुप्रीम कोर्टाचा १९९४ चा ऑटो शंकर खटला, मग दलेर मेहंदीसारख्या दिसणाऱ्या बाहुल्यांचा खटला, मग मद्रासमध्ये २०१५ ला रजनीकांतचा खटला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमिताभ बच्चनच्या नावानं चाललेल्या खोट्या लॉटऱ्यांमुळे दिल्ली हायकोर्टानं मोठा आदेश दिला आणि तिथून रांग लागली. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंगला मुंबई हायकोर्टानं एआय आवाजांपासून संरक्षण दिलं. २०२५ मध्ये ऐश्वर्या राय, अभिषेक बच्चन, करण जोहर, नागार्जुन दिल्लीत, तर आशा भोसले, सुनील शेट्टी, अक्षय कुमार मुंबईत गेले.

असे आदेश बऱ्याचदा अनोळखी लोकांविरुद्धही असतात. कोण करतंय माहीत नाही, पण जो कोणी करत असेल त्याला मनाई. परदेशात याला 'जॉन डो' आदेश म्हणतात. आपल्याकडे त्याचं नाव काय पडलंय माहितीये? 'अशोक कुमार' आदेश. सिनेमावाल्यांच्या खटल्यांना याहून शोभणारं नाव सापडलं नसतं.

उलट्या बाजूचे निकालही आहेत. क्रिकेटपटूंच्या डिजिटल कार्डांच्या खटल्यात दिल्ली हायकोर्टानं २०२३ मध्ये सांगितलं की प्रसिद्ध माणसाची सगळ्यांना उपलब्ध असलेली माहिती कुणीही वापरू शकतो, आणि बातमी, विडंबन, व्यंगचित्र, कला यांना मोकळीक हवी. त्याच वर्षी सुशांतसिंह राजपूतच्या आयुष्यावरच्या सिनेमाविरुद्ध त्याच्या वडिलांची मागणी फेटाळताना कोर्टानं म्हटलं की हे हक्क माणसाबरोबर संपतात.

मग तुम्ही मीम टाकायचं की नाही?

टाका. जॅकीच्या मीमवर हसलात, मित्राला भिडू म्हटलात, त्याच्या कामावर टीका केलीत, तर यातल्या एकाही आदेशानं तुमचं तोंड बंद होत नाही. धोका कुठे आहे? त्याच्या फोटोचे टी-शर्ट छापून विकणं, त्याचा आवाज एआयनं तयार करून आपल्या दुकानाची जाहिरात करणं, त्याच्या नावानं पान काढून पैसे गोळा करणं. आणि हो, मधला एक करडा पट्टा आहे. तुमच्या मीमच्या पानाला जाहिराती मिळतात, म्हणजे तो विनोद की धंदा? यूट्यूबरला नोटीस गेली ती याच पट्ट्यात. त्याची बाजू ऐकली गेली हे त्याचं नशीब, कारण बहुतेक अंतरिम आदेश समोरचा माणूस हजर नसतानाच होतात.

आणि यात स्टार नसलेल्या माणसाचं काय? डीपफेकचा खरा मार तर कॉलेजातल्या मुलींना बसतो, ज्यांचा फोटो कुणीतरी इन्स्टाग्रामवरून उचलतो. त्यांना दिल्लीचा वकील परवडत नाही. त्यांच्यासाठी आयटी नियम आहेत. २०२१ च्या नियमांत अशा बनावट किंवा अश्लील चित्राची तक्रार आल्यावर ते २४ तासांत काढायचं बंधन कंपन्यांवर घातलं गेलं. तक्रार त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करायची, आणि सोबत सायबर क्राइम पोर्टलवर किंवा १९३० या हेल्पलाइनवर. लिंक कॉपी करून ठेवा, तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, आणि ते केल्याशिवाय समोरच्याला मेसेज करू नका. घाबरून तो पोस्ट उडवतो आणि तुमच्या हातातला पुरावा जातो.

भिडूचा मे २०२४ चा आदेश अंतरिम होता. एखाद्या बोलीतला शब्द एका माणसाची ओळख कधी होतो, यावर सविस्तर ऊहापोह करणारा निकाल आपल्याकडे अजून व्हायचाय. तोपर्यंत मेंढीकोटच्या डावाला चौथा भिडू बोलवायला कुणाची परवानगी लागत नाही.