शिवणाऱ्या हातांना काय द्यावं?

मित्रमैत्रिणींनो,

तुमची पत्रं आली की मी ती एका बैठकीत वाचून काढते. पण एखादं पत्र असं असतं, की ते वाचता वाचता मी थेट माझ्या शाळेच्या दिवसांत जाऊन पोचते. या वेळी साताऱ्याच्या एका मैत्रिणीचं असंच पत्र आलंय. ती लिहिते, "माझी आत्या ऐतिहासिक नाटकांचे आणि गॅदरिंगचे कपडे शिवते. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. माझ्याकडे खाऊचे दोनशे रुपये साठलेत. दुकानात सगळंच छान दिसतं, पण तिच्या उपयोगाचं काय ते कळत नाही. सांगाल का?"

सांगते ना! पण आधी माझी एक गोष्ट ऐका. फजिती म्हणणार होते, पण खरं म्हणजे ती चूकच होती.

मी सातवीत असताना आमच्या वाड्यात एक काकू राहायच्या. सगळे त्यांना 'शिवणाच्या काकू' म्हणत. त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला शिवराज्याभिषेकाचं नाटक होतं आणि त्याचे सगळे कपडे काकू शिवत होत्या. नाटक दोन दिवसांवर आलं आणि आम्हाला आठवलं, अरे, मावळ्यांच्या ढाली राहिल्या! पुठ्ठा होता, रंग होता, कात्री मात्र नव्हती. काकूंच्या मशीनवर त्यांची मोठी पोलादी कात्री दिसली. काकू आत स्वयंपाकात होत्या. मी गुपचूप कात्री उचलली, सहा ढाली कापल्या आणि ती होती तिथे ठेवून दिली.

रात्री काकू महाराजांच्या अंगरख्याचं रेशमी कापड बेतायला बसल्या, तर कात्री चालेचना! कापड कापलं जायच्या ऐवजी पात्यांत दुमडून अडकायला लागलं. काकूंनी पात्यावरून हलकेच बोट फिरवलं, मग माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळ, कागद कापलास का हिनं?"

मी मान खाली घातली. कागदात आणि पुठ्ठ्यात खनिजांचे बारीक बारीक कण असतात, त्यांनी कापडाच्या कात्रीची धार जाते, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? काकूंनी त्याच बोथट कात्रीनं रात्रभर काम केलं. सकाळी त्यांच्या अंगठ्याला हा एवढा फोड आला होता.

नाटक झकास झालं. आम्ही वर्गात वर्गणी काढली आणि काकूंना एक प्लॅस्टिकची फुलदाणी दिली. गुलाबी रंगाची, वर सोनेरी वेलबुट्टी! काकूंनी हसून घेतली. आठ दिवसांनी पाहते तर फुलदाणीत दोऱ्याची रिळं! आम्हाला जे सुंदर वाटलं ते आम्ही दिलं होतं. त्यांचं काम आम्ही पाहिलंच नव्हतं.

म्हणून साताऱ्याच्या मैत्रिणी, दुकानात जायच्या आधी एक दुपार आत्याशेजारी नुसती बैस. ती काय शोधत असते, कशावर चिडते, कोणती वस्तू जपून वापरते, हे पाहा. अर्धी भेट तिथंच सापडेल.

हे शिवण वेगळं कसं?

ऐतिहासिक कपडे शिवणाऱ्याला कापडाबरोबर काळही सांभाळावा लागतो. शिवाजी महाराजांचा काळ म्हणजे १६३० ते १६८०. एलियस होवे या अमेरिकन माणसानं शिवणयंत्राचं पेटंट घेतलं १८४६ साली. म्हणजे महाराजांच्या दरबारातला प्रत्येक कपडा हातानं शिवलेला! आपली साधी सेफ्टी पिन १८४९ची. पॅन्टला असते तशी चेन १९१३ची. नायलॉन तर १९३५चं. आणि भडक जांभळा रंग? १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापाचं औषध बनवायच्या खटपटीत होता. औषध राहिलं बाजूला, हाती लागला जांभळा रंग. रसायनांपासून बनवलेले रंग बाजारात यायला लागले ते तिथून. त्याआधी नीळ, मंजिष्ठ, हळद, डाळिंबाच्या साली यांच्यापासून रंग काढायचे.

आता समजलं ना, नायलॉनची चकचकीत लेस पाहून आत्या नाक का मुरडते? मावळ्याच्या पाठीला चेन दिसली की प्रेक्षकांत हशा पिकतो आणि अख्खा प्रसंग फुकट जातो.

चला, आता भेटींकडे वळू.

पहिली भेट : धार

आत्याला विचारून तिची कात्री धार लावून आण. हो, विचारूनच! कात्रीला धार लावणाऱ्याकडेच जा आणि ही कापडाची कात्री आहे, असं त्याला सांग. येताना एक साधी, स्वस्त कात्री घेऊन ये आणि तिच्या मुठीला लाल चिंधी बांध. ही कागदाची. म्हणजे तुझ्यासारख्या उचलेगिरी करणाऱ्यांपासून चांगली कात्री वाचेल. (माझ्यापासून, असं म्हणायला हवं खरं तर!)

दुसरी भेट : छोट्या छोट्या वस्तूंचा डबा

एक रिकामा पत्र्याचा डबा घे. त्यात वेगवेगळ्या नंबरांच्या सुयांचं पाकीट, शिंप्याचा खडू आणि नवा टेप घाल. जुना टेप वापरून वापरून ताणला जातो आणि माप चुकतं. अंगुस्तानही घाल. अंगुस्तान म्हणजे शिवताना बोटात घालायचं धातूचं टोपण. जाड कापडातून शंभर वेळा सुई ढकलायची, तर बोट वाचायला नको? मेणाचा एक तुकडाही ठेव. हातशिलाईचा दोरा मेणावरून ओढून घेतला की तो सारखा गुंतत नाही. शिवाय एक लोहचुंबक. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या क्षणात गोळा! एवढ्या सगळ्याला पैसे पुरले नाहीत, तर चुंबक तुझ्या खेळण्यांच्या खोक्यातला चालेल.

तिसरी भेट : मनगटावरची टाचणउशी

ही घरीच करायची. खणाचा किंवा सुती कापडाचा बशीएवढा गोल काप. कडेनं धावदोरा घाल आणि दोरा ओढ, म्हणजे बटव्यासारखा आकार येईल. त्यात लोकरीचे तुकडे गच्च भर. आता टणक पुठ्ठ्याची एक गोल चकती आत बसव आणि दोरा घट्ट ओढून गाठ मार. ही चकती विसरू नकोस हं, नाहीतर टाचणी उशीतून आरपार मनगटात घुसेल! चकतीच्या बाजूला कापडाचा दुसरा छोटा गोल शिवून टाक आणि त्यावर रुंद इलॅस्टिकची पट्टी लाव. झाली उशी. खण वापरलास तर उत्तमच. गुळेदगुड्डचे खण प्रसिद्ध आहेत आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या चोळ्या खणाच्याच असत.

चौथी भेट : कापड, पण जपून!

कापड शक्यतो आत्याला बरोबर नेऊनच घ्यावं. अर्धा मीटर सुंदर कापड आणलं तर त्याचा अंगरखा होत नाही, पिशवीही धड होत नाही. नऊवारी म्हणजे नऊ वार, सुमारे सव्वाआठ मीटर, यावरून लांबीची कल्पना येईल. दुकानदार 'सिल्क' म्हणाला म्हणजे ते रेशीम असेलच असं नाही. त्याची परीक्षा आहे, पण ती आई-बाबांनीच करायची. मुलांनी लांबून बघायची. कापडाचे दोन-चार धागे चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवायचे. सुताचा वास जळक्या कागदासारखा येतो आणि मऊ राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि काळा गोळा बोटानं चुरडतो. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. गोळा असो की मणी, पूर्ण थंड झाल्यावरच हात लावायचा.

आई-बाबांनो, आता थोडं तुमच्यासाठी. घरात कुठे विरलेली, फाटलेली जुनी जरीकाठी साडी असेल तर तिचे काठ म्हणजे अशा शिवणकाम करणाऱ्या बाईला खजिनाच वाटतो. जुन्या जरीचा मंद रंग नव्या जरीला येत नाही. पण आजीची धडधाकट पैठणी मात्र कापायला देऊ नका. ती तशीच जपायची वस्तू आहे. थोडा जास्त खर्च करायची तयारी असेल तर मशीनची दुरुस्ती, तेलपाणी करून द्या, किंवा टेबलावरचा चांगला दिवा द्या. रात्रीच्या हातशिलाईनं डोळ्यांवर फार ताण येतो.

पाचवी भेट : चित्रांची वही

ही सगळ्यात स्वस्त, पण मला विचाराल तर फार मोलाची. जुनी चित्रं नीट बघायची आणि वहीत उतरवायची. अंगरख्याचे बंद कोणत्या काखेत बांधलेत? बाही मनगटाशी चुण्यांची आहे की सैल? कंबरेच्या शेल्याचं टोक पुढे आहे की बाजूला? अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये महाराजांचं सतराव्या शतकातलं चित्र आहे. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर पाहा. वापरातल्या जुन्या वस्तू आणि वस्त्रं बघत अख्खी दुपार जाते. फोटो काढायचे असतील तर तिथल्या माणसांना आधी विचारा. वहीत प्रत्येक चित्राखाली काळ आणि ते कुठे पाहिलं, तेही लिहायचं. शिवाजी महाराजांचा काळ आणि पेशवाई यांच्या मध्ये बरीच वर्षं गेलीत. दोन्हींना एकच पगडी चालत नाही!

सहावी भेट : तुझे हात

बाराबंदीला बारा बंद असतात, म्हणून ती बाराबंदी. आमच्या नाटकात वीस मावळे होते. गणित करा : २० गुणिले १२, म्हणजे २४० बंद! प्रत्येक बंद उलटा शिवायचा आणि मग सुलटा करायचा. काकूंनी ते सगळे एकटीनं केले होते. हे काम तर आपणही करू शकतो. बंदाच्या एका टोकाला सेफ्टी पिन अडकवायची आणि ती आतल्या आत सरकवत दुसऱ्या टोकातून बाहेर काढायची. महाराजांच्या काळात नसलेली पिन मावळ्यांच्या अशी कामी येते! तेव्हा एका कार्डावर लिही, 'आत्या, पुढच्या नाटकाचे सगळे बंद मी सुलटे करणार.' आणि लिहिलंस की करायचंच बरं का.

आता माझी गोष्ट पुरी करते.

पुढच्या वर्षी मी काकूंना विचारून त्यांची कात्री सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे नेली. माझ्या खाऊच्या पैशांतून धार लावून आणली. काकूंनी रेशमाची एक चिंधी घेतली, कात्री टेकवली आणि चिंधी सर्रकन दोन झाली. त्यांनी दुसरी चिंधी कापली, मग तिसरी. बोलल्या काहीच नाहीत, पण कापत राहिल्या.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट खटकली. आदल्या वर्षीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत नाटक बसवणाऱ्यांचं नाव होतं, पेटी-तबल्याचं होतं, चहा देणाऱ्यांचंही होतं. काकूंचं नव्हतं. या वर्षी सभागृहाच्या दारातल्या फळ्यावर पात्रांची नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी खाली लिहिलं, 'वेशभूषा :', आणि थांबले. मला काकूंचं नावच माहीत नव्हतं! धावत वाड्यात गेले.

"काकू, तुमचं नाव काय?"

"माझं? कशाला गं?"

मी सांगितलं. त्यांनी मशीनवरचा पाय काढला. मग नाव सांगितलं, वडिलांचं, नवऱ्याचं, आडनावासकट सगळं. आणि म्हणाल्या, "शेवटी काना दे हो. लोक विसरतात."

त्या रात्री नाटक सुरू व्हायच्या आधी काकू दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. हवा खायला जाते, म्हणाल्या.

तर साताऱ्याच्या मैत्रिणी, दोनशे रुपयांत यातलं काय जमेल ते तू ठरव. आणि आत्याच्या पुढच्या नाटकाची पत्रिका हातात आली की त्यात तिचं नाव आहे का, तेही बघ. नसेल तर सरांना किंवा बाईंना जाऊन नम्रपणे सांग. नाव लिहायला एक पैसाही लागत नाही.

टाचणउशी केलीत तर कशी झाली ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमची,
ताई