एसीची मात्रा खोलीनुसार

उन्हाळा तोंडावर आला की दवाखान्यात औषधांच्या बरोबरीने एक प्रश्न हमखास येतो : ‘डॉक्टर, मुलाला बालदमा आहे, एसी एक टनाचा घ्यावा की दोन टनाचा?’ विचारणाऱ्याचा कल बहुधा मोठ्याकडेच असतो. परंतु मुलाच्या औषधाची मात्रा जशी त्याच्या वजनावर ठरते, तशी एसीची क्षमता खोलीवर ठरते; आणि अधिक मात्रा येथेही अपायकारकच.

‘टन’ हे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते, त्या वेगाने खोलीतील उष्णता बाहेर काढण्याची ही क्षमता होय. म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट.

एसी दोन कामे करतो. तो हवा थंड करतो, आणि हवेतील बाष्प त्याच्या थंड नळ्यांवर पाणी होऊन बाहेर वाहून जाते. हे दुसरे काम नीट होण्यास यंत्र काही वेळ सलग चालावे लागते. लहान खोलीत मोठा एसी बसविला, तर थोड्याच मिनिटांत ठरविलेले तापमान गाठून कॉम्प्रेसर थांबतो. हवा गार होते, पण ओलसर राहते. मुंबई-कोकणात हे विशेष जाणवते. अंग चिकट वाटते म्हणून तापमान आणखी उतरविले जाते. मग कपाटामागच्या गार भिंतीवर बुरशी धरते, गाद्या-उशांत धूळकिडे वाढतात. दम्याच्या मुलाला नेमके हेच दोन शत्रू. इन्व्हर्टर एसी आपली गती कमी करू शकतो. तथापि त्यालाही किमान मर्यादा असते.

अपुरा एसीही निर्दोष नाही. गच्चीखालच्या खोलीत दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. वृद्धांना तहान कमी जाणवते, घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातील पाणी लवकर घटते. तेथे ‘आजोबांच्या खोलीत एसी आहे’ हे समाधान फसवे ठरू शकते.

मग हिशेब कसा करावा? मधल्या मजल्यावरील, दोघांच्या वापराच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीस बहुधा एक टन पुरतो. तीच खोली गच्चीखाली, पश्चिमेच्या भिंतीची असेल, तर दीड टनाचा विचार करावा. छताची उंची, खिडक्यांच्या काचा आणि माणसांची संख्याही सांगावी. शांत बसलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॉट उष्णता देत असतो. विक्रेत्याने केवळ चौरस फूट विचारले, तर बाकीचे आपणच त्याच्यापुढे मांडावे. त्याआधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा करावा. कित्येकदा मोठ्या यंत्राची गरजच उरत नाही.

विदर्भाच्या कोरड्या उन्हात कूलर उत्तम काम देतो. मात्र खिडकी उघडी हवी, आणि डेंग्यूचा डास वाढू नये म्हणून टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी.

योग्य मापाचा एसी घेतल्यावरही काही पथ्ये उरतात. तापमान २४ अंशांच्या आसपास ठेवावे. छोटा आर्द्रतामापक आणून खोलीतील आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहते का, ते पाहावे. घरगुती स्प्लिट एसी सहसा आतलीच हवा फिरवतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडाव्यात. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. हा अंक हाती आला की आठवण होईलच! आणि इतके करूनही मूल पहाटे खोकत असेल, तर यंत्र बदलण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.