मिस्टर हरभरा!

लग्नांचा सीझन संपला की दोन-तीन वर्षांत बारशांचा सीझन येतो. तिशीच्या आसपासच्या कुठल्याही ग्रुपमध्ये डोकावा, एक तरी कपल मोबाइलवर मुलांच्या नावांच्या लिस्ट चाळत बसलेलं असतं. अटीही ठरलेल्या. नाव शॉर्ट हवं, युनिक हवं, आजीला हाक मारता यायला हवी आणि उद्या पोरगं फॉरेनला गेलं तर तिथल्यांची जीभ अडखळता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थ कसा झक्कास हवा!

या लिस्टांमध्ये लॅटिन नावं हमखास भेटतात. लिओ म्हणजे सिंह. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनीही हेच नाव घेतलं, चौदावे लिओ. व्हिक्टर म्हणजे विजेता, म्हणजे आपला विजयच की! ल्युशियसचं नातं उजेडाशी, म्हणजे आपला प्रकाश. फेलिक्स म्हणजे भाग्यवान, क्लेमंट म्हणजे दयाळू. मार्कस आणि मार्टिन ही दोन्ही नावं मार्सवरून आली. मार्स म्हणजे रोमनांचा युद्धदेव आणि त्याच्याच नावाचा ग्रह म्हणजे आपला मंगळ. तिकडे आईबाप पोराला हौसेनं मंगळाचं नाव देत होते, आणि आपण पत्रिकेत तो दिसला की घाम पुसतो!

हे सगळं वाचून वाटतं, व्वा, काय विचार करून नावं ठेवायचे हे रोमन लोक! पण थांबा. खरी गंमत पुढेच आहे.

बारसं त्यांच्याकडेही असायचं. मुलाचं नवव्या दिवशी, मुलीचं आठव्या. पण डोकं खाजवायची गरजच नसायची, कारण मुलांसाठी वापरातली पहिली नावं होती जेमतेम दीड डझन. थोरल्याला बहुतेक वेळा बापाचंच नाव. ज्युलियस सीझरचं पूर्ण नाव गायस ज्युलियस सीझर, आणि त्याच्या बाबांचंही अगदी हेच. शिवाय काही नावं तर चक्क आकडे. क्विंटस म्हणजे पाचवा, सेक्स्टस म्हणजे सहावा, डेसिमस म्हणजे दहावा. नाव कसलं, रोल नंबरच तो!

मग एवढ्या सगळ्या मार्कस आणि गायसमधून नेमका माणूस ओळखायचा कसा? त्यावर रोमनांचा फंडा सोप्पा होता. टोपणनाव ठेवायचं. तेच पुढे पिढ्यान् पिढ्या आडनावासारखं चिकटायचं. आणि ही टोपणनावं अजिबात गोडगोड नव्हती बरं का. कॅल्व्हस म्हणजे टकला. स्ट्रॅबो म्हणजे तिरळा. ओव्हिड या मोठ्या कवीचं घराण्यातलं नाव होतं नासो, म्हणजे नाकाड्या. ब्रूटस म्हणजे मठ्ठ! पण रोमच्या परंपरेप्रमाणे याच नावाच्या एका माणसानं इ. स. पूर्व ५०९ मध्ये राजाला हाकलून दिलं आणि प्रजासत्ताक आणलं. आपल्याकडेही टकले, वाकडे, बोबडे आहेतच की. आणि २०१९ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले त्यांचं आडनाव होतं बोबडे!

या सगळ्यांत माझा फेव्हरिट म्हणजे सिसेरो. लॅटिनमध्ये 'सिसेर' म्हणजे हरभरा. प्लुटार्क हा जुना चरित्रकार सांगतो, की याच्या कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती. झालं, अख्खं घराणं हरभरा! हा मुलगा राजकारणात उतरायला निघाला तेव्हा मित्रांनी काळजीनं सल्ला दिला, की बाबा रे, आधी ते नाव बदल. आजच्या भाषेत, रीब्रँडिंग कर. यानं साफ नकार दिला. उलट याच नावाला रोमच्या बड्या घराण्यांपेक्षा मोठं करून दाखवतो म्हणाला. पुढे सिसिलीत अधिकारी असताना त्यानं देवाला चांदीचं भांडं वाहिलं, त्यावर आपली पहिली दोन नावं अक्षरांत कोरून घेतली आणि तिसऱ्याच्या जागी हरभऱ्याचं चित्र! आज दोन हजार वर्षांनंतर सिसेरो म्हटलं की कुणाला हरभरा आठवत नाही. आठवतो तो रोमचा सर्वात मोठा वक्ता. तेव्हा पुढच्या बारशाला हरभऱ्याच्या घुगऱ्या खाल, तेव्हा या पठ्ठ्याची आठवण जरूर काढा.

पण प्रत्येकाला असा चॉइस नव्हता, आणि इथे मात्र हसू थांबतं. मुलींचं बघा. बापाच्या घराण्याचं नाव स्त्रीलिंगी केलं की झालं मुलीचं नाव. सीझरची आत्या ज्युलिया, त्याच्या दोन्ही बहिणी ज्युलिया आणि मुलगीही ज्युलिया. बहिणींमध्ये फरक करायला फक्त 'थोरली' आणि 'धाकटी'.

आणि गुलामांना तर मालक जी हाक मारेल तेच नाव. आपल्या लिस्टमधला तो भाग्यवान फेलिक्स आठवतोय? ते नाव गुलामांमध्ये अगदी सर्रास असायचं. ज्याचं स्वतःचं काहीच नाही, त्याला भाग्यवान म्हणायचं! आणि सुल्ला नावाच्या हुकूमशहानं हेच 'फेलिक्स' बिरुद म्हणून ऐटीत स्वतःच्या नावामागे लावून घेतलं. शब्द एकच, डिक्शनरीतला अर्थही एकच. पण एकानं तो स्वतःहून मिरवला आणि दुसऱ्यावर तो लादला गेला. खुद्द आपल्या सिसेरोचा सेक्रेटरी टायरो हाही गुलामच. इ. स. पूर्व ५३ मध्ये त्याला स्वातंत्र्य मिळालं आणि तो झाला मार्कस टुलियस टायरो. यातली पहिली दोन नावं मालकाची. सुटका झाली तरी मालकाचं लेबल राहिलंच.

ही नावं आपल्या किनाऱ्यावरही आली. सोळाव्या शतकात गोव्यात आणि वसईत पोर्तुगीज आले, आणि बाप्तिस्म्याबरोबर लोकांना संतांची नावं मिळाली. त्यातली कितीतरी मूळची लॅटिन. ही नावं आधी परकी, वरून आलेली. पण लोकांनी ती आपल्या जिभेवर घोळवून घोळवून आपली केली. दोमिंगोसचा दुमिंग झाला, इग्नेशियसचा इनास. आज गोव्यातल्या वाड्यावर इनास अशी हाक आली, तर त्यात परकं काय उरलंय?

आता फ्रान्सिस घ्या. मूळ अर्थ काय, तर फ्रेंचवाला! असिसीच्या त्या संताचं बाप्तिस्म्याचं नाव जिओव्हानी होतं. कापडाचा व्यापार करणाऱ्या बाबांनी ते बदलून फ्रान्सेस्को केलं. मुलानं श्रीमंती सोडून गरिबी पत्करली, आणि फ्रेंचवाला या शब्दाला साधेपणाचा अर्थ आला. म्हणूनच २०१३ मध्ये एका पोपनी ते नाव पहिल्यांदा निवडलं. आणि २०२० मध्ये उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी कोण होते? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. बघा, नाव कुठून कुठवर आलं ते!

तर होणाऱ्या आईबाबांनो, अर्थ जरूर शोधा, मजा येते. पण त्यासाठी रात्र रात्र जागू नका आणि एकमेकांशी भांडू तर मुळीच नका. जरा हे दोन प्रश्नही विचारा. हे नाव आपण बाळासाठी ठेवतोय, की स्वतःला मिरवायला? आणि उद्या त्याला ते बदलावंसं वाटलं, तर आपण ऐकून घेऊ का?

बाकी अर्थाचं टेन्शन सोडा. तो भरायला पोराला अख्खं आयुष्य पडलंय!