नमुना परदेशी, गिऱ्हाईक घरी

विश्वप्रदर्शनात आपल्या राष्ट्राचे दालन असावे की नसावे, हा वाद आता संपला आहे. दुबईत आपण होतो, २०२५ साली ओसाकातही होतो. असा सोहळा स्वतंत्र भारतात एकदाही भरलेला नसल्याने यजमानपदाची आकांक्षा कोणी बाळगली, तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र प्रदर्शनाचा लाभ माल मांडणाऱ्याच्याच पदरी पडतो, या समजुतीला इतिहासाचा दुजोरा नाही. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हिंदी वस्त्रे पाहून ओवेन जोन्ससारख्या मर्मज्ञाने मुक्तकंठाने त्यांची प्रशंसा केली खरी. परंतु १८६६ साली ब्रिटिश अधिकारी फोर्ब्स वॉटसन यांनी लंडनच्या इंडिया म्युझियममधील वस्त्रांचे सातशे तुकडे अठरा खंडांत डकवले आणि हिंदी गिऱ्हाइकाची आवड कारखानदारांस कळावी म्हणून त्यांचे बहुतेक संच विलायतेतील शहरांकडे रवाना केले. स्तुती आपली, नफा त्यांचा!

नमुना एकटाच परगावी गेला की असे घडते, हे सोलापूरकरांस निराळे सांगावयास नको. ज्या जकार्डच्या यंत्रावर आमची चादर विणली जाते, त्याच्या जनकाने आपला सुधारित माग १८०१ साली पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनातच प्रथम मांडला होता. आज सोलापूरच्या पूर्व भागातील कारखान्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाच्या माथ्यावर खडखडत फिरते, तिच्या हुकमाने ताण्याचे धागे उचलले जातात आणि मोराचा पिसारा उमटतो. ही नक्षी कोणासही उचलता येते, आणि भौगोलिक मानांकन मिळूनही ‘सोलापुरी’ नावाने परप्रांतीय माल राजरोस खपतो, ही तक्रार जुनीच आहे. कज्जेदलालीने ती मिटेल, असे आम्हांस वाटत नाही. खरेदीदाराने मागापाशी उभे राहून माल पारखला, विणणाऱ्याचा पत्ता लिहून घेतला, तरच अस्सल कोणते याची त्यास खूण पटेल. २०१९ साली टेरी टॉवेलचे प्रदर्शन सोलापुरातच भरवून येथील उद्योजकांनी गिऱ्हाइकास घरी बोलावले, ते याच शहाणपणाने.

म्हणून उद्या सरकारने विश्वप्रदर्शनासाठी अर्ज दाखल केलाच, तर दिल्ली-मुंबईच्या वातानुकूलित दालनांपुरता त्याचा नकाशा आखू नये; सोलापूर, इचलकरंजी, येवला व पैठण येथे होणारे खरेदीदारांचे दौरे, त्यांची निवासव्यवस्था आणि त्यासाठीची आर्थिक तरतूद त्याच अर्जात लेखी नमूद करावी.