शेवटचे चारच आकडे

देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. आणि आपण? शिष्यवृत्तीची यादी म्हणून अख्ख्या वर्गाचे बारा-बारा आकडे, मोबाइल नंबर, जात, सगळं एका शीटमध्ये भरून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो! अशा एका यादीत मीही होते.

एसक्यूएल शिकताना 'सिलेक्ट स्टार'ची सवय लागते, 'व्ह्यू' मात्र ऑप्शनला टाकतो. मी मास कॉमची, पण मला तोच कामाचा वाटला. व्ह्यू म्हणजे नाव देऊन ठेवलेली क्वेरी. त्यात नाव आणि आधारचे शेवटचे चारच आकडे घ्यायचे. यादी बघणाऱ्याला परवानगी त्या व्ह्यूचीच द्यायची, मूळ टेबलची नाही. चार ओळींचं काम आहे हो! कॉम्प्युटरवाल्यांनो, पुढची यादी तुम्हीच करून द्या ना.